‘कुटार’मधलं नववं गाणं

१

दोर बांधलेली बाज हळूहळू वर आली आणि काठावर जमलेली माणसं दोन पावलं मागे सरकली. बुधवारची सकाळ नुकती उन्हाला लागली होती. बाजेवर अमरदीप होता. वय त्रेपन्न, अंगात निळा सदरा, कपाळ डाव्या बाजूने फुटलेलं. शालिग्रामच्या शेतातल्या या विहिरीला जानेवारीच्या शेवटी जेमतेम कमरेइतकं पाणी होतं, आणि पाण्याखाली सुरुंगाने फोडलेला काळा दगड.

सहायक पोलीस निरीक्षक सुकेशनी तायडेने तो चेहरा लगेच ओळखला. अमरावतीच्या होस्टेलवर असताना तिने एका मैत्रिणीकडून ‘धुरा’ बँडची पहिली कॅसेट मागून आणली होती आणि कधीच परत दिली नव्हती. वाशीमच्या कॉलेजातली चार पोरं, गाणारा हाच अमरदीप, वऱ्हाडी शब्द आणि त्याखाली करवतीसारखी चालणारी इलेक्ट्रिक गिटार. घरच्यांना तो गोंगाट वाटायचा. सुकेशनीला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या बोलीत ओरडतंय असं वाटलं होतं. त्यानंतर ‘धुरा’चे आणखी पाच अल्बम आले, मग नऊ वर्षं काहीच नाही. आता सातवा चालू होता, इंझोरीच्या शिवारात, बँडची गाणी लिहिणाऱ्या शालिग्रामच्या जुन्या धान्याच्या गोदामात. नाव ‘कुटार’. तुरीचा दाणा काढून घेतल्यावर खळ्यात जो भुसा उरतो, तो.

आदल्या संध्याकाळी पाचला गिटारवाला गोपीचंद वाशीमहून परतला. रस्त्यात भेटलेला शालिग्राम त्याच्यासोबत गोदामावर आला. आत अमरदीप नव्हता. त्याच्या चपला विहिरीच्या काठावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. पोलीस पोचेपर्यंत अंधार पडला, म्हणून प्रेत काढायला सकाळ उजाडली.

गोदामावर रोज चहा पोचवणारी कस्तुराबाई बाभळीखाली बसली होती. सुकेशनी तिच्याजवळ उकिडवी बसली.

“काल तुम्ही त्यांना पाह्यलं, मावशी?”

“पाह्यलं नाई, आयकलं. तीन वाजता चहा घेऊन गेलती मी. दारावरचा लाल लाईट लागेल होता. लाल लाईट असला का दार वाजवाचं नाई, असं गोपीचंदभाऊनं सांगेल हाय. म्हून केटली पायरीवर ठेवली न् बसली आयकत. आत अमरभाऊ गाऊन राह्यले होते.”

“काय गात होते?”

“तेच कुटाराचं. ‘दाणा गेला मंडीमंदी, कुटार उरलं घरी. तेच अंथरून इझलो आमी.’ सारं गाणं म्हटलं, बाई. सुरूपासून शेवटवरी. कुठी अडकले नाई, दम बी घेतला नाई. मंग चूप झाले.” तिने पदर तोंडाला लावला. “मले काय मालूम, थे शेवटचं म्हनून राह्यले.”

विझलो आम्ही. ही ओळ म्हणून माणूस उठला, चपला काढल्या आणि गेला. सकाळपासून गावात हेच बोललं जात होतं, आणि सुकेशनीलाही त्यात न पटण्यासारखं काही दिसत नव्हतं. पण बाजेपाशी बसलेली अमरदीपची बायको रेणू रडत नव्हती. ती वर बघून म्हणाली, “मॅडम, ह्यानं जीव देला नाई.”

“कशावरून?”

“आज अकराची वेळ होती अकोल्याले, गळ्याच्या डॉक्टरची. तीन आठवड्यांपासून थांबून होता त्याच्यासाठी. काल निंगताना त्यानंच मले सांगतलं, फाईल काढून ठेव, नाईतर सकाळी धावपळ होते. मराले जानारा मानूस फाईल काढून ठेवाले सांगते का?”

२

गोदामात आता धान्य नव्हतं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, मधोमध माईक आणि कोपऱ्यात गोपीचंदचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एक काळी हार्ड डिस्क. गोपीचंद टेबलामागच्या खुर्चीत बसून होता. शिडशिडीत, पांढरी दाढी नीट कापलेली, हातांची बोटं लांब. बरीच वर्षं अकोल्याला रेकॉर्डिंगचं काम केल्याने त्याची बोली घासून गेली होती.

“मी बाराच्या सुमारास निघालो,” तो म्हणाला. “दीड तासाचा रस्ता. वाशीमला गिटारच्या तारा घ्यायच्या होत्या, एक मशीन दुरुस्तीला टाकलं होतं. तीन वाजता मी त्या दुकानात होतो. तिथे कॅमेरा आहे.”

कॅमेरा होता. भाऊसिंग हवालदाराने दुकानात फोन करून खात्री केली होती. तीन वाजून चार मिनिटांनी गोपीचंद काउंटरवर उभा दिसत होता.

“आणि अमरदीप?”

“त्याला एकट्याला सराव करायचा होता. मी माईक लावून दिला, लाल दिवा लावला. म्हटलं, कुणी त्रास देणार नाही.” त्याने माउस हातात घेतला. “ऐकायचंय का तुम्हाला? नववं गाणं. यानेच अल्बम संपतो.”

सुकेशनीने मान हलवली. स्पीकरमधून आधी ढोलासारखा खोल ठोका आला, मग गिटार, आणि मग तो आवाज. तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमधला होता तसाच, भरदार आणि खरखरीत, कुठेही न डगमगणारा. ‘तेच अंथरून विझलो आम्ही’ या ओळीपाशी तिच्या अंगावर काटा आला.

“वय झालं तरी आवाज राहिला होता त्यांचा,” ती म्हणाली.

गोपीचंदच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. “हो ना? असं वाटतं ना?” मग तो उजेड विझवत तो पुढे वाकला. “मॅडम, माझ्या तोंडून हे निघायला नको. पण रविवारी इथे मोठं भांडण झालं. शालिग्राम आणि अमर. शालिग्राम तूर सोंगता सोंगता उठून आला होता. हातात विळा होता त्याच्या.”

३

शालिग्राम तुरीच्या पेंढ्या एका जागी रचत होता. ‘धुरा’ची सगळी गाणी त्याने लिहिली होती, बेस गिटारही तोच वाजवायचा. पण त्याच्याकडे पाहून हे कुणाला खरं वाटलं नसतं. पायात टायरच्या चपला, डोक्याला उपरणं. सुकेशनीला बघून तो पेंढीवरच बसला.

“भांडण झालं. झूट कायले बोलू? एका शब्दावरून झालं.”

“कोणत्या?”

“मी पयले लेहलं होतं, ‘तेच अंथरून निजलो आम्ही’. दोन महिने अमर तसंच म्हनत होता. शनिवारी मले वाटलं, नाई, निजलो म्हंजे मिळमिळीत होते. विझलो पायजे. गोपीचंदले लय आवडलं. पन अमर भडकला. म्हने, मी विझलो नाई. माह्या तोंडून हा शब्द निंगनार नाई, तुमी दुसरा गानारा पाहा.” त्याने उपरण्याने तोंड पुसलं. “मी बी बोललो मंग. म्हटलं, तुहा आवाज त केव्हाचाच विझला. तेहतीस वर्साचा दोस्त, न् असं बोललो मी त्याले.”

“काल तीन ते पाच तुम्ही कुठे होता?”

“इथंच. एकटा. बाया दोन वाजताच गेल्या.” त्याच्या नजरेत लपवाछपवी नव्हती, फक्त थकवा होता. “तुमाले काय लेहाचं थे लेहा, मॅडम. मीच मारलं त्याले. रविवारी जो शब्द म्हनत नोता, थो मंगळवारी म्हटला न् जाऊन उडी घेतली. कस्तुराबाईनं आयकला ना. माह्या शब्दानं मेला थो.”

तो आवाज न करता रडत होता. सुकेशनी उठली. तिला दया आली, पण एकटा असलेला, भांडलेला आणि विहिरीपासून दोनशे पावलांवर असलेला माणूस नुसत्या रडण्यावर सोडता येत नव्हता.

ती धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, रस्त्याला लागणार तोच मागून शालिग्रामने हाक मारली. “मॅडम, एक गोठ राह्यली. काल सव्वाचारची एसटी फाट्यावर थांबली तवा इंद्रभान उतरला होता. गोदामाकडं गेला. पाच मिनिटांत पयतच वापस आला न् गाडी घेऊन निंगून गेला.”

४

‘धुरा’चा ड्रमर इंद्रभान एसटीत ड्रायव्हर होता. दुसऱ्या दिवशी वाशीम स्टँडवर सुकेशनीला तो गाडीच्या पायरीवर बसलेला सापडला. दंड अजून पैलवानासारखे होते, पण उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता.

“गेलो होतो,” तो लगेच म्हणाला. “लाल लाईट चालू होता. दार ढकलून पाह्यलं, त कुलूप होतं. हाक मारली, आवाज नाई. गाडीत चाळीस पॅसेंजर बसेल होते, म्हून पयत आलो.”

“बाहेरून कुलूप?”

“हो. मले वाटलं, अमर मांगच्या दारानं शेतात गेला असन.”

मागचं दार होतं, विहिरीकडे उघडणारं. सुकेशनीने मनात नोंद केली. “कशासाठी गेला होता?”

“भांडाले. पन अमरसंग नाई, गोपीचंदसंग.” इंद्रभानने पट्ट्यावरून बोट फिरवलं. “सोमवारी त्यानं मले चार गाणी फोनवर धाडली. माहे ड्रम काढून मशीनचे टाकले त्यानं. इचारलं नाई, सांगतलं नाई. म्हने, तुहा हात मांगं पडते. तीन वर्सं झाली, थो आमच्याकडून वाजवून घेतच नाई, मॅडम. तुकडे घेते. चार ठोके इथले, चार तिथले. मंग कॉम्प्युटरमंदी शिवत बसते.”

“आवाजाचंही तसंच?”

“आवाजाचं त इचारूच नका. अमर दोन ओळी म्हनला का खोकला आला. पानी पेला, पुन्हा दोन ओळी. दिवाळीपासून एक गाणं त्यानं पुरं म्हटलं नाई. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, गळ्यात गाठी हायेत. एकेका गाण्याले गोपीचंदनं शंभर-शंभर तुकडे जोडले. श्वास बी कापून टाकले. आयकनाऱ्याले वाटते, वाघ गाऊन राह्यला.”

कंडक्टरने घंटा दिली. इंद्रभान उठून आपल्या सीटवर चढला. सुकेशनी स्टँडच्या गर्दीत तशीच उभी राहिली. गाडी निघून गेली, तिच्या अंगावर धूळ बसली, तरी तिला हलायचं सुचलं नाही.

कस्तुराबाईने सारं गाणं ऐकलं होतं. सुरूपासून शेवटपर्यंत. कुठे न अडकता, दम न घेता.

५

शुक्रवारी दुपारी सुकेशनी पुन्हा गोदामावर गेली. तिच्यासोबत कस्तुराबाई आणि भाऊसिंग हवालदार होते. कस्तुराबाईला तिने पायरीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. गोपीचंद टेबलापाशीच होता. दोन दिवसांत त्याने खुर्ची सोडली नसावी.

“नववं गाणं पुन्हा लावा,” ती म्हणाली. “पण नुसता आवाज. बाकी सगळं बंद.”

मग त्याने लावलं. गिटारीशिवाय, ड्रमशिवाय अमरदीपचा एकटा आवाज त्या गाद्यांच्या भिंतींत घुमला. गाणं संपताच भाऊसिंगने दार उघडलं.

“हेच, बाई,” कस्तुराबाई म्हणाली. “त्या दिवशीचं हेच. आगदी असंच, दम न घेता.”

“म्हातारीला काय कळतं?” गोपीचंद हसला. “अमरचा आवाज आहे, अमरचं गाणं आहे. सरावात त्याने हेच म्हटलं असेल.”

“ह्या गाण्याचे सगळे टेक डिस्कवर आहेत ना? त्याने म्हटलेले, न जोडलेले?”

“आहेत. सतरा.”

“त्यातला एक मला ऐकवा. ज्यात त्याने ‘विझलो’ म्हटलंय असा कोणताही.”

गोपीचंदचा हात माउसवर होता, पण तो हलेना.

“नाहीये,” सुकेशनी म्हणाली. “सतराही टेकमध्ये ‘निजलो’ आहे. शब्द शनिवारी बदलला आणि रविवारी त्याने म्हणायला साफ नकार दिला. मग तुमच्या गाण्यात ‘विझलो’ आलं कुठून?”

तो गप्प राहिला असता तर कदाचित वकिलाच्या मदतीने पुष्कळ काही लांबवता आलं असतं. पण तिने विचारलेला प्रश्न त्याच्या कामाबद्दलचा होता, आणि गेल्या तीन वर्षांत तो कुणी विचारलाच नव्हता.

“‘विस्तव’मधला ‘वि’ घेतला,” तो हळूच म्हणाला. “दुसऱ्या कडव्यातला. ‘ओझं’मधला ‘झ’. ‘निजलो’मधला ‘लो’. रविवारी रात्री बसलो, सोमवारी संपलं. कुठे जोड दिसतो का सांगा. तुम्हालासुद्धा दिसला नाही.”

“नाही दिसला. म्हणूनच मंगळवारी तीन वाजता कस्तुराबाईने अमरदीपला ऐकलं नाही. तो शब्द जगात एकाच ठिकाणी होता, तुमच्या ह्या मशीनमध्ये. तीन तास कोरे ठेवून पुढे गाणं लावलं तर मशीन वेळेवर आपोआप गाते, हे मला काल वाशीमच्या एका रेकॉर्डिंगवाल्याने करून दाखवलं. कस्तुराबाई रोज तीनला येते, हे तुम्हाला माहीत होतं. कुणी आत डोकावू नये म्हणून बाहेरून कुलूप लावलंत, आणि त्याच्या चपला काठावर नेऊन ठेवल्यात. न जोडलेला टेक लावला असता तर कदाचित कुणाला काही कळलं नसतं. पण ती शब्द ऐकेल असं तुम्हाला वाटलं नाही.”

गोपीचंदने स्पीकर बंद केला, पडदा बंद केला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बोलू लागला, जणू कुणाला काम समजावून सांगतोय.

“मंगळवारी सकाळी त्याला ऐकवलं. वाटलं होतं, खूश होईल. निम्मं गाणं डोळे मिटून ऐकत होता. ‘विझलो’ आलं आणि उठला. म्हणाला, गोप्या, हा मी नाही, तू माझ्या मुडद्याला बोलायला लावलंस. डिस्क उपटली आणि मागच्या दाराने विहिरीकडे निघाला. मी धावलो. काठावर ओढाताण झाली. डिस्क माझ्या हातात आली आणि त्याचा पाय घसरला. त्याने माझं मनगट धरलं.”

“मग?”

“एका हाताला तो लटकला होता. दुसऱ्या हातात डिस्क होती.”

भाऊसिंगने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“तीन वर्षांचं काम होतं, मॅडम,” गोपीचंद म्हणाला.

“पडल्यावर तो जिवंत होता?”

“दोनदा हाक मारली त्याने. माझ्या नावाने.”

“दोर होता इथे?”

“होता. खिळ्याला.”

“आणि तुम्ही काय केलं?”

“आत आलो,” तो म्हणाला. “डिस्क चालू होते का ते पाहिलं.”

६

डिस्क जप्त झाली. पांढऱ्या कापडात शिवून, लाखेची मोहर लावून ती पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गेली. कुऱ्हाडी, गावठी दारूचे कॅन आणि चोरीच्या पाणीपंपांच्या फडताळात ‘धुरा’चा सातवा अल्बम ठेवला गेला. आठ दिवसांनी शालिग्राम आणि इंद्रभान ठाण्यात आले.

“थे डिस्क सुटन केव्हा?” इंद्रभानने विचारलं.

“खटला संपल्यावर.”

“म्हंजे आमी साठीचे होऊ.”

शालिग्राम उठला. तो शब्द अमरदीपने म्हटलाच नव्हता हे त्याला कळलं होतं, पण त्यामुळे त्याचं ओझं हलकं झाल्यासारखं काही दिसत नव्हतं. “मी त्याले बोललो थे त बोललोच ना,” एवढंच म्हणून तो बाहेर पडला.

खटला दोन वर्षांनी वाशीमला उभा राहिला. तीन वाजता अमरदीप जिवंत होता, गात होता, हा बचावाचा मुख्य आधार होता. म्हणून सरकारी वकिलांनी नववं गाणं कोर्टात लावायची परवानगी मागितली. आधी जोडलेलं, मग न जोडलेला एक टेक. अल्बमचं पहिलं जाहीर ऐकणं असं झालं. श्रोते म्हणजे न्यायाधीश, दोन वकील, टंकलेखक, शिपाई आणि मागच्या बाकांवरची पंधरा-वीस माणसं. रेणू पहिल्या बाकावर होती.

जोडलेलं गाणं चार मिनिटांत झालं. दुसरं सुरू झालं. दोन ओळी आणि खोकला. पेला ठेवल्याचा आवाज. “पुन्हा घे, गोप्या.” एक ओळ. पुन्हा खोकला, या वेळी लांब. नुसता श्वास, घशात काहीतरी अडकल्यासारखा. पुन्हा तीच ओळ, निम्म्यात तुटलेली. सहा-सात मिनिटांनी न्यायाधीशांनी हात वर केला. “पुरे. मुद्दा लक्षात आला.”

रेणू उभी राहिली. कोर्टात असं उभं राहायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“साहेब, होऊ द्या पुरं,” ती म्हणाली. “त्यानं कसं म्हटलं थे तरी आयकू द्या.”

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यांनी हात खाली घेतला.

ते गाणं पुरं व्हायला तेवीस मिनिटं लागली. कुणी उठलं नाही. दाराबाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, तरी आतल्या कुणी मान वळवली नाही. शेवटची ओळ अमरदीपने तीनदा घेतली. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा तो अगदी हळू गायला, जवळजवळ बोललाच, आणि ओळ टोकापर्यंत गेली. मग तो हसल्याचा आवाज आला. टेक तिथेच संपला.

सरकारी वकील लॅपटॉप मिटत होते. पिंजऱ्यात उभा असलेला गोपीचंद कुणाला उद्देशून नव्हे, पण स्पष्ट ऐकू येईल असं बोलला.

“तिसरा चांगला होता. तो मी घेतलाच नाही.”

टंकलेखकाची बोटं थांबली. हे साक्षीत घ्यायचं की नाही, म्हणून त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं.

“लिहा,” न्यायाधीश म्हणाले.